त्रुटी क्रमांक सात

वनमालाला राग आला की ती पेन्सिलला टोक काढत बसायची. लाकडाचे पापुद्रे टेबलावर पडत राहायचे आणि समोरचा माणूस समजून चुकायचा, की आज आपलं काही खरं नाही. जव्हारच्या कोर्टात वीस वर्षं वकिली करताना तिने अशा कित्येक पेन्सिली संपवल्या होत्या. पण त्या मे महिन्यात तिला जो राग आला, त्याला पेन्सिल पुरली नाही. कारण तो ज्यांच्यावर काढायचा, त्या माणसांच्या रांगेत पहिली उभी होती ती स्वतःच.

चार वर्षांपूर्वी तिने काळा कोट खुंटीला टांगला आणि पोलीस खात्यात विधी अधिकारी म्हणून लागली. नाव भारदस्त, नोकरी कराराची. अकरा महिन्यांची, मग पुन्हा अकरा. काम असं, की डोंगरातल्या ठाण्यांनी एखाद्या गुन्ह्याचा तपास पुरा केला, की कोर्टात जाण्याआधी सगळे कागद तिच्या टेबलावर यायचे. तिने ते वाचायचे, कुठे काय कच्चं राहिलंय ते शोधायचं आणि आकडे टाकून एका पत्रावर लिहून द्यायचं. त्या पत्राला खात्यात त्रुटीपत्र म्हणत. ठाणं त्या त्रुटी भरून काढायचं, फाइल परत यायची, वनमाला एकेका आकड्यापुढे हिरव्या शाईने बरोबरची खूण करायची आणि शेवटी सही द्यायची. तिची सही पडली की मगच दोषारोपपत्र कोर्टात.

तिच्या येण्याआधी दहा आरोपींतले आठ सुटायचे. पंचनाम्यावर तारीख नाही, जबाबावर सही नाही, जप्त वस्तूला सील नाही. वकील असताना वनमालाने स्वतः अशाच भोकांतून कितीतरी आरोपी बाहेर काढले होते. आता तीच भोकं ती बुजवत होती. शिक्षा वाढल्या. जिल्ह्याच्या साहेबांनी प्रशस्तिपत्र दिलं. ते तिने खुर्चीमागच्या भिंतीवर लावलं होतं, आणि नव्या माणसाचं लक्ष तिकडे गेलं नाही तर ती पंखा लावायच्या निमित्ताने उठून मान तिकडे वळवायची. इतका अभिमान.

मेच्या चौदा तारखेला लक्ष्मण हवालदार सुकऱ्या नावाच्या आरोपीची फाइल घेऊन आला. लक्ष्मण डोंगरावरच्या एका ठाण्यात रायटर होता. ठाण्यातली लिखापढी त्याच्याकडे. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, मोत्यासारख्या अक्षराचा माणूस. तीन वर्षांपूर्वी फणस फोडताना कोयता निसटून त्याच्या डाव्या अंगठ्याचं पेर तिरपं चिरलं होतं. जखम भरली, रेघ राहिली. "फणसाने सही केली माझ्यावर, मॅडम," असं तो ज्याला त्याला अंगठा दाखवून सांगायचा.

"घ्या मॅडम. अकरा त्रुटी काढल्या होत्यात, अकराच्या अकरा भरल्या."

वनमालाने पानं उलटली. "झडतीचं मोबाइलवर चित्रीकरण करायचं होतं. ते कुठंय?"

"डोंगरात रेंज नसल्याने होऊ शकलं नाही, असा स्वतंत्र जबाब जोडलाय. पान एकवीस."

"रेंज नसली म्हणून कॅमेरा बंद पडतो काय हो?"

"जबाबात पडतो, मॅडम."

वनमाला खळखळून हसली. ते हसणं पुढे तिला किती वेळा आठवलं आणि दर वेळी कानाखाली मारल्यासारखं लागलं.

प्रकरण साधं दिसत होतं. सूर्यमाळच्या अंगाला करवंदीपाडा आहे. उन्हाळ्यात तिथल्या बायका पाण्यासाठी दीड कोस खाली उतरतात आणि भरल्या हंड्यांनी दीड कोस वर चढतात. त्या पाड्याला नळयोजना मंजूर झाली. ठेकेदार हर्षलशेठ. मार्चमध्ये हर्षलशेठने फिर्याद दिली, की पंपघरातला पंप चोरीला गेला. दोन दिवसांत, वीस मार्चला, पोलिसांनी पाड्यातल्या सुकऱ्या कातकऱ्याला उचललं. त्याच्या झोपडीच्या झडतीत, सरपणाखाली, पंप सापडला. सुकऱ्या ठाणे शहरातल्या तुरुंगात गेला. जामिनाला सातबारावाला माणूस लागतो. ज्याच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावावर हातभर जमीन नाही, त्याला सातबारावाला जामीनदार कुठून मिळणार? तो तिथेच राहिला.

अठरा मे हा साठावा दिवस होता. त्या दिवसापर्यंत दोषारोपपत्र कोर्टात गेलं नाही, तर सुकऱ्या कायद्याने जामिनाचा हक्कदार होणार. गेलं, तर खटला उभा राहीपर्यंत तुरुंगातच कुजणार. वर्ष, दोन वर्षं, कोण मोजतंय.

वनमालाने दहा त्रुटींपुढे हिरव्या खुणा केल्या. अकरावी उद्या बघू म्हणून फाइल मिटली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास दोन बायका दारात उभ्या राहिल्या. एक म्हातारी, वाळक्या शेंगेसारखी. दुसरी तिशीची, डोक्यावर करवंदांची पाटी. बाहेरच्या टेबलावर आवक-जावकचं काम करणारी अक्षदा त्यांना अडवत होती.

"आजी, हे कोर्ट नाही. इथे काही मिळत नाही."

"मिळाया कोण आलंय? इचाराया आलो," म्हातारी म्हणाली. "माझा पोरगा कंच्या कागदावर हाय, तेवढं दाखवा. मोखाड्याला इचारलं, तर जव्हारला जा म्हणं. इथं चार हापिसं फिरलो. प्रत्येक जण म्हणं, पुढच्या दारात जा. आता पुढं दार नाय. पुढं रस्ता हाय."

ती सुकऱ्याची आई फागी होती. सोबतची त्याची बायको जमुना. आरोपीच्या माणसांशी वनमालाने बोलायचं नसतं, असा नियम. ती अक्षदाला म्हणाली, "एक अर्ज लिहून घे, आवक नंबर दे आणि पाठव त्यांना."

अक्षदाने चार ओळींचा अर्ज लिहिला आणि शाईची डबी उघडून पुढे सरकवली. "आजी, इथे अंगठा."

म्हातारीने डबी एका बोटाने परत ढकलली. "पेन दे."

"काय?"

"पेन, पेन. चांगलं दे. थुंकणारं नको."

अक्षदाने हसत पेन दिलं. फागी खाली बसली, कागद फरशीवर ठेवला, जीभ दातांत धरली आणि नांगर धरावा तसं पेन धरून नाव काढायला लागली. तिच्या नावातल्या फ चं पोट गाभण शेळीसारखं फुगलं. पुरी दोन मिनिटं लागली. मग तिने कागद लांब धरून पाहिला आणि जमुनाला दाखवला.

"आधी हिला येत नव्हतं," जमुना कुणाकडेच न बघता म्हणाली. "शाळंतल्या सुषमाबाईनं संध्याकाळचा वर्ग काढला. मागल्या सालच्या मार्चात ही परीक्षेला बसली."

"परीक्षेच्या दिशी अंगठा धुतला तो धुतला," फागी म्हणाली. "बाईनं सांगलं, आता कागदावर काळा करायचा नाय. मी पोळ्याच्या बैलासारखी सही मिरवते. फकस्त रेशनच्या मशीनला अंगठा लावते. तिला वाचता येत नाय बिचारीला."

अक्षदा हसली. आत खुर्चीत बसलेली वनमाला मात्र हसली नाही. तिचा हात हिरव्या पेनावर थबकला होता.

त्रुटी क्रमांक सात. तिचीच भाषा तिला पाठ होती: घरझडती पंचनाम्यावर घरातील प्रौढ व्यक्तीची सही अगर अंगठा नाही, तो घेण्यात यावा.

तिने फाइल उघडली. पंचनाम्याच्या तळाशी, वीस मार्चच्या तारखेखाली, लक्ष्मणच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: निशाणी डावा अंगठा, फागी. आणि वर जांभळ्या शाईतला अंगठा. पहिल्या खेपेला ही जागा कोरी होती. तिने मागितला म्हणून तो आला.

"आजी, आत ये," वनमाला म्हणाली. नियम गेला खड्ड्यात. "तुझ्या घराची झडती झाली तेव्हा तू कुठे होतीस?"

"मोहाची फुलं येचाया गेलते. पाड्याच्या मागं."

"तुझ्याकडून नंतर कुणी अंगठा घेतला? ठाण्यात बोलावून?"

म्हातारीचे डोळे बारीक झाले. "माझा अंगठा? कोण घेईल? हात मोडीन त्याचा."

आता जमुना पुढे आली. पाटी तिने खाली ठेवलीच नव्हती. "कंची झडती, बाई? आमच्या घरात झडाया हाय काय? दोन टोप, एक हंडा. पोलीस आले, तहान लागली म्हणाले. दीड कोसावरनं आणलेलं पाणी मी त्यांना दिलं. तांब्याभर नाय, हंडाभर प्याले. पाणी पिऊन माझ्या नवऱ्याला गाडीत घातला आनि गेले. आत कुणी वाकूनपन नाय बघितलं."

"आणि पंप?"

"पंप!" जमुना हसली. तसलं हसू वनमालाने कोर्टातही पाहिलं नव्हतं. "चोराया वस्तू तरी पायजे का नको? पंप कधी बसवलाच नाय. ग्रामसभेत ह्यो उठला नि शेठला इचारलं, चर आमी खणले, पाइप आमी पुरले, पंप कुठं हाय? लोक हसले. शेठपन हसला. आठ दिवसांनी त्योच पंप ह्यानं चोरला."

वनमालाने दोघींना जायला सांगितलं. का सांगितलं, काय करणार, यातलं काही बोलली नाही. जाताना फागीने करवंदांचा एक द्रोण टेबलाच्या कडेला ठेवला. वनमाला म्हणाली, "नको, हे चालत नाही." म्हातारी म्हणाली, "करवंदंच हायेत. त्यांना कुठं जबाब द्यायचाय?"

त्या गेल्यावर वनमालाने पंचनामा खिडकीशी नेऊन उजेडात धरला. अंगठा मोठा होता, जाड. खुरप्याने झिजलेला म्हातारीचा अंगठा असा भरघोस उठत नाही. आणि मधोमध, डावीकडून उजवीकडे उतरत गेलेली एक तिरपी पांढरी रेघ होती. तिथे शाई लागलेली नव्हती. मांस चिरून भरलं की तिथे शाई लागत नाही.

फणसाने सही केली माझ्यावर, मॅडम.

तिने पेन्सिल घेतली. टोक काढलं, मोडलं. पुन्हा काढलं, पुन्हा मोडलं. मग तिने अकरा त्रुटी पहिल्यापासून वाचायला घेतल्या, आणि आपण चार वर्षं काय केलं ते तिला एकेका आकड्यातून दिसत गेलं. त्रुटी तीन: पंप कसा काढला याचा खुलासा नाही. खुलासा आला, चार बोल्ट पान्याने खोलून. त्रुटी पाच: तो पाना जप्त केलेला नाही. पाना आला, सील करून. त्रुटी सहा: पंपाचा नंबर नाही. नंबर आला, बिलासकट. ती मागत गेली आणि वस्तू हजर होत गेल्या. खऱ्या गुन्ह्यात त्रुटी भरली की गुन्हा सिद्ध होतो. खोट्यात भरली की खोटं पक्कं होतं. ठाण्याच्या कुडाला भोकं होती, त्यातून निदान सुकऱ्यासारखा एखादा निसटत तरी होता. ती बसली होती शेण कालवून, एकेक भोक लिंपत. वर प्रशस्तिपत्र!

सतरा तारखेला, सुट्टी असूनही, ती करवंदीपाड्याला गेली. मोखाड्याहून जीप, मग फाट्यापासून पायी. ऊन डोक्यात शिरत होतं. हंडे घेऊन चढणाऱ्या बायका तिला ओलांडून पुढे गेल्या, आणि रिकाम्या हाताने धापा टाकणाऱ्या शहरी बाईकडे एकीनेही वळून पाहिलं नाही.

पाड्याच्या तोंडाशी निळा फलक होता. योजना पूर्ण, असं त्यावर लिहिलेलं. शेजारी पत्र्याचं पंपघर. दाराला कुलूप नाही, काथ्या बांधलेला. फागीने तो सोडला. आत चार शेळ्या रवंथ करत होत्या.

"होळीच्या आधीपासून इथंच बांधतो," फागी म्हणाली. "सरकारचं घर रिकामं कशाला ठेवायचं?"

वनमालाने जमुनाकडून खराटा मागून घेतला, पदर खोचला आणि स्वतः झाडायला लागली. लेंड्यांचा वीतभर थर होता. खाली सिमेंटचा चौथरा निघाला. गुळगुळीत, तळहातासारखा. तिने गुडघ्यावर बसून हात फिरवला. चार बोल्ट पान्याने खोलले, असं फाइलीत होतं. चौथऱ्याला एकही भोक नव्हतं. बोल्ट कधी बसलेच नव्हते.

तिने मोबाइलवर फोटो काढले. रेंज नव्हती. कॅमेरा व्यवस्थित चालला.

"अजून पुरावा पायजे?" फागी तिला ओढत आंब्याखालच्या गावदेवाकडे घेऊन गेली. शेंदूर फासलेला दगड, तडकलेला. "नवं पाणी आलं की पहिला हंडा ह्याच्यावर ओततात. आमच्यात तशी रीत हाय. त्याच्याआधी कुणी थेंब तोंडात घेत नाय. इचार ह्याला, भिजलाय का कधी."

ती लेंड्यांनी भरलेल्या हातांकडे बघत उभी राहिली. जमुनाने तिच्या हातांवर पाणी ओतायला तांब्या उचलला, तेव्हा मात्र ती ओरडलीच, "नको! पाणी नको. मातीने पुसते."

अठरा तारखेला ती सकाळी नऊलाच कचेरीत होती. तिने मत लिहिलं. दीड पान झालं. अक्षदाकडे देऊन म्हणाली, "जावक नंबर टाक. पंचनाम्याची आणि फोटोंची प्रत जोड. एक इथल्या साहेबांना, एक जिल्ह्याला. जिल्ह्याची आत्ताच्या आत्ता, स्कॅन करून."

अक्षदाने पहिली ओळ वाचली आणि मान वर केली. "मॅडम, तुमचा करार..."

"नंबर टाक."

साडेअकराला साहेबांनी बोलावलं. साहेब जव्हार भागातल्या ठाण्यांचे वरिष्ठ; तरुण, नीटनेटके, आवाज कधी न चढवणारे. बाजूला लक्ष्मण फाइल धरून उभा.

"मॅडम, आज साठावा दिवस. लक्ष्मण सकाळपासून थांबलाय. एक सही राहिलीय फक्त."

वनमालाने कागद पुढे ठेवला. साहेबांनी पहिली ओळ मोठ्याने वाचली. "त्रुटी क्रमांक एक: गुन्हा घडलेला नाही." त्यांनी कागद खाली ठेवला. "हे काय आहे?"

"माझं मत. आरोपीला सोडावं, आणि फिर्याद देणाऱ्यावर खोट्या फिर्यादीचा गुन्हा नोंदवावा."

"मॅडम," साहेब शांतपणे म्हणाले, "तुमचं काम कागद तपासायचं. पाड्यावर जाऊन शेळ्यांचा गोठा झाडायचं नाही. खरंखोटं करायला कोर्ट बसलंय."

"कागदच तपासलाय. झडतीच्या पंचनाम्यावरचा अंगठा त्या बाईचा नाही."

"अंगठा अंगठाच असतो हो, मॅडम," लक्ष्मण हसत म्हणाला. "त्या म्हातारीला काय कळतंय? आज म्हणेल दिला, उद्या म्हणेल नाही दिला."

"ती म्हातारी सही करते."

लक्ष्मणचं हसू अर्ध्यावर राहिलं.

वनमालाने पिशवीतून अक्षदाची शाईची डबी काढली, उघडली आणि कोऱ्या कागदाशेजारी ठेवली. "हवालदार, द्या तुमचा डावा अंगठा."

लक्ष्मणने फाइल छातीशी धरली.

"द्या की. अंगठा अंगठाच असतो ना?"

लक्ष्मणने हात पाठीमागे नेला. शाळेत छडी खाणारं पोर नेतं तसा. फाइल त्याच्या दुसऱ्या हातातून घसरली आणि पानं फरशीवर पसरली. साहेबांनी त्याच्या पाठीमागे गेलेल्या हाताकडे पाहिलं, मग पंचनाम्यावरच्या रेघेकडे. ते सगळं समजले, पण समजल्याचं तोंडावर येऊ दिलं नाही.

"मॅडम," लक्ष्मण म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग होता, खरा, दुखावलेल्या माणसाचा. "तुम्हीच मागितलात. चार वर्षं मागताय. हे आणा, ते आणा, उद्यापर्यंत आणा. एका अंगठ्यासाठी त्या डोंगरावर दोन तास चढून कोण जाणार? ठाण्यात माणसं किती, गाड्या किती, तुम्ही कधी विचारलंत? तुम्हाला खूण करायला जागा भरलेली पाहिजे होती. मी भरली. कधी विचारलंत, कुठून भरली?"

"नाही विचारलं," वनमाला म्हणाली. "तेही लिहिलंय मतात. शेवटचा परिच्छेद वाचा. बोल्ट मी मागितले, पाना मी मागितला, अंगठा मी मागितला. हसलेही होते मी. फक्त हसल्याचं लिहिलं नाही, तेवढी लाज वाटली. पण हवालदार, मी बाईचा अंगठा मागितला होता. तुमचा नव्हता मागितला. आणि तो पंप? तो म्हातारीच्या सरपणाखाली मी ठेवला? सुकऱ्याच्या बायकोने तुम्हाला पाणी पाजलं हो! दीड कोसावरून आणलेलं!"

"आवाज," साहेब म्हणाले.

"आवाज आत्ता कुठे लागलाय माझा!"

साहेबांनी खुर्ची किंचित मागे घेतली. "तुमचं मत आमच्यावर बंधनकारक नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी सहीशिवाय फाइल पाठवू शकतो. आणि तुमचा करार जूनअखेर संपतो, हेही ठाऊक आहे."

"आज अठरा मे आहे," वनमाला म्हणाली. "पाठवा. बंधनकारक नाही, पण दप्तरी राहतं. सव्वादहाला जिल्ह्याला गेलंय. उद्या कोर्टात कुणी विचारलं, की मत असं असताना फाइल कुणी पाठवली, तर खाली नाव तुमचं असेल."

बराच वेळ साहेब पेनाचं टोपण उघडझाक करत राहिले. त्यांना सुकऱ्याची दया आली, असं कुणी समजू नये. त्यांनी आपल्या नोकरीची उरलेली पंचवीस वर्षं तोलून पाहिली, एवढंच. मग लक्ष्मणकडे न बघता म्हणाले, "ती पानं गोळा कर आणि फाइल इथे ठेव."

फाइल तिथेच राहिली. साठावा दिवस मावळला. एकोणीसला सरकारी मोफत मदतीच्या वकिलाने अर्ज दिला. कोर्टाने सुकऱ्याला त्याच्या स्वतःच्या हमीवर सोडलं. सातबारा लागला नाही.

एकवीस तारखेला दुपारी वनमाला जव्हारच्या स्टँडवरून चालली होती. फागी आणि जमुना करवंदांची पाटी घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्याशेजारी एक हाडकुळा माणूस उकिडवा बसून पाव खात होता. फागीने हाक मारली, "बाय, ह्यो बघ. कागदावरचा उतरला."

सुकऱ्याने वनमालाकडे पाहिलं. उठला नाही, हात जोडले नाहीत. तिला ते बरं वाटलं. हात जोडले असते तर ती तिथून पळाली असती.

"सुटलो असं वकील म्हणाला," तो म्हणाला. "मंग मी चोर हाय का नाय?"

"केस अजून मिटलेली नाही. तपास चालू आहे म्हणतात."

"आनि शेठ?"

शेठवर गुन्हा नोंदला गेला नव्हता. लक्ष्मण मात्र आदल्या दिवशी निलंबित झाला होता, एकटाच. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. लक्ष्मण काही संन्यासी नव्हता. पण चोर तो एकटा नव्हता.

सुकऱ्याने पावाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला. "एक काम करा मंग. माझ्या घरात सापडलेला पंप ठाण्यात पडलाय ना, सील मारून? त्यो तरी द्या पाड्याला. दोन महिने भोगले त्याच्यापायी. आता बसवू तरी द्या."

जमुना हसली नाही. फागीही हसली नाही. त्याने चेष्टा केली नव्हती.

वनमाला कचेरीत परत आली. भिंतीवरचं प्रशस्तिपत्र तिने आधी उतरवलं आणि खिळाही उपटला. मग कपाट उघडलं. कोर्टात गेलेल्या प्रत्येक फाइलीची एक प्रत तिच्याकडे असायची. तीनशेच्या वर फायली, सगळ्यांवर तिच्या हिरव्या खुणा. लक्ष्मणच्या ठाण्याच्या तिने वेगळ्या काढल्या आणि अक्षदाला बाजारातून भिंग आणायला पाठवलं.

पहिल्या तीन फायलींत काही निघालं नाही. चौथीत रामी नावाच्या बाईचा जबाब होता, तिच्या भावाविरुद्ध. निशाणी डावा अंगठा. तिने भिंग धरलं. भरघोस अंगठा, मधोमध तिरपी पांढरी रेघ. भाऊ तीन वर्षांची शिक्षा भोगत होता. पुढच्या फाइलीत माघीचा अंगठा. तीच रेघ. त्यानंतर काळीचा. तीच. डोंगरभर पसरलेल्या पाड्यांतल्या म्हाताऱ्या, तरण्या, विधवा, आया, आणि सगळ्यांच्या हाताला एकच फणस लागला होता. आणि प्रत्येक फाइलीच्या त्रुटीपत्रावर वनमालाची हिरवी खूण, ठसठशीत. फणस तीन वर्षांपूर्वीचा. त्याआधीच्या फायलींतले अंगठे कुणाचे होते, हे कोण सांगणार?

अक्षदा दारात येऊन उभी राहिली. "मॅडम, साहेब विचारतायत, जुन्या फायली कशाला काढल्यात?"

"त्यांना सांग, त्रुटी काढतेय."

करार संपायला चाळीस दिवस होते. टेबलावर पेन्सिल पडली होती, बोथट. वनमालाने तिला हात लावला नाही. तिने भिंग पुसलं आणि पुढची फाइल ओढली.